आधी कानस, मग तेजाब

चांदी काळी पडली की आमच्याकडे लोक तीन कारणं सांगतात. अंगात उष्णता वाढली, कुणाची नजर लागली, नाहीतर सोनाराने फसवलं. डहाणूच्या बाजारात एका सोनाराच्या दुकानामागच्या खोलीत मी तीस-बत्तीस वर्षं चांदी उजळली. ही तिन्ही कारणं इतक्यांदा ऐकली की पुढे पुढे गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आधीच, ते यातलं कुठलं सांगणार ते मला तोंडावरून कळायचं. उष्णतावाले हळू बोलतात. नजरवाले इकडेतिकडे बघतात. फसवलंवाले पिशवी काउंटरवर आपटतात.

चौथं कारण कुणी सांगत नाही, आणि खरं तेच असतं. गंधक.

माझी शाळा सातवीपर्यंतची. मग हे रसायन-बिसायन कुठून शिकले म्हणाल, तर एका चमच्यामुळे. ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे एक सर आमच्या दुकानात घरची चांदीची भांडी घेऊन आले. वाट्या, तांब्या, निरांजन, सगळं पिवळसर पडलेलं, आणि एकच चमचा काळा कुळकुळीत. मी आपली सहज म्हणाले, "सर, या चमच्याने अंडं खाता वाटतं?"

सरांनी आधी मागे बघितलं. बाईसाहेब बाहेर रिक्षात बसल्या होत्या. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "मावशी, हळू बोला. आमच्या घरात अंडं चालत नाही."

"मग खाता कुठे?"

"गच्चीवर."

मी कुणाला काही बोलले नाही. (आता छापायला हरकत नाही, बाईसाहेबांना कधीच कळलं होतं.) पण त्या दिवसापासून सर दुकानात आले की मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचे आणि मी विचारीन ते सांगायचे. मी विचारायची फार. अंड्यात काय असतं? कांद्यात काय असतं? सुके बोंबील विकणाऱ्या बायकांच्या अंगठ्या आठ दिवसांत का काळ्या पडतात? सोनं का नाही पडत?

सरांनी दागिन्याच्या रिकाम्या डबीच्या झाकणावर पेनने काढून दाखवलं होतं. ते झाकण मी अजून ठेवलंय. सांगते तुम्हाला, मला समजलं तसं. गंधकाचा अणू अंगाने मोठा, ऐसपैस. त्याच्या बाहेरच्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या असतात, कुठल्याच कामाला न लागलेल्या. चांदी, तांबं, निकेल, पारा, सोनं असल्या धातूंकडे अशी जोडी ठेवून घ्यायला रिकामी जागा असते. गंधक आपली जोडी त्या जागेत ठेवतो आणि धातूला धरतो. "पण मग ऑक्सिजन का नाही धरत? तो तर हवेत किती आहे!" मी विचारलं. सर खूश झाले. म्हणाले, "ऑक्सिजनकडेही जोड्या आहेत, पण तो लहान आणि आखडू. आपल्या जोड्या पोटाशी धरून बसतो. त्याचं लोखंडाशी जमतं, म्हणून लोखंड गंजतं. चांदी मऊ स्वभावाची. तिला मोठा, मऊ सोबती लागतो. हवेत गंधकाचा वास नाकाला येणार नाही इतका असला तरी ती त्याला शोधून काढते."

तेव्हापासून मला त्या काळ्या थराचा राग येईनासा झाला. केसापेक्षा कितीतरी पातळ थर, पण धरलेलं सोडत नाही. साबणाने घासा, राखेने घासा, दात काढून दाखवेल. घासून जातं ते थोडं काळं आणि थोडी चांदी.

मग आम्ही काय करायचो? आम्ही गंधकाकडूनच काम करून घ्यायचो. थायोयुरिया नावाची पूड येते, दिसायला साखरेसारखी. ती आम्लाच्या पाण्यात घातली की तयार होतं त्याला बाजारात सगळे 'डिप' म्हणतात. दागिना बुडवा, पाच आकडे मोजा, काढा, धुवा. पांढरा शुभ्र. गिऱ्हाइकाला जादू वाटते. जादू कसली, थायोयुरियाच्या छोट्याशा रेणूतही गंधकच बसलेला असतो. काळ्या थरातल्या चांदीला तो आपल्या हाताने धरतो आणि पाण्यात घेऊन जातो. म्हणजे एका गंधकाच्या हातून काढून दुसऱ्या गंधकाच्या हातात. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन यजमानांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "आमटी वाढ."

डिपचं एक आहे, पाचाच्या वर आकडे मोजायचे नाहीत. तो काळं संपलं की थांबत नाही. एकदा चिंचणीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंचे जुने तोडे मी हौसेने इतके पांढरे केले की खाचांतली सावली गेली. नक्षीतल्या पानांच्या शिरा दिसेनात. बाईंनी तोडे हातात फिरवले आणि म्हणाल्या, "माझे कुठे आहेत?" मी म्हटलं, "हेच, आजी." त्यांनी परत विचारलं, "माझे दे ना गं." ते अजून कानात आहे. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मुंबईहून आलेल्या दोन मुली नवीन कोऱ्या झुमक्यांना 'ऑक्सिडाइज' करून द्या म्हणून आल्या होत्या. नाव ऑक्सिडाइज, पण त्यात ऑक्सिजनचा काडीचा संबंध नाही. गंधकाच्या पिवळ्या, घाण वासाच्या पाण्यात बुडवायचं, झालं. अर्ध्या गावाचं काळं काढायचं आणि अर्ध्या गावाला काळं लावायचं, असा आमचा धंदा.

आता जी गोष्ट सांगायला बसले ती सांगते. हिच्यात माझं कौतुक नाही, आधीच सांगून ठेवते.

दुकानाचे मालक कांतिकाका. घरात गुजराती, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता: "बेन, पहेलां कानस, पछी तेजाब." म्हणजे कुणी चांदी तपासायला आणली तर आधी कानशीने एका कोपऱ्याला बारीक ओरखडा काढायचा, आतला धातू उघडा करायचा, आणि मग त्यावर तपासायच्या तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब टाकायचा. नारिंगी रंगाचं पाणी असतं ते. चांगल्या चांदीवर थेंब पडला की रक्तासारखा लाल होतो. गिलट असलं, म्हणजे तो चांदीसारखा दिसणारा पांढरा भेसळीचा धातू, तर लाल होत नाही, मळकट हिरवा नाहीतर तपकिरी पडतो. वर मुलामा असेल, मळ असेल, काय असेल ते असेल, म्हणून कानस आधी. साधी गोष्ट.

गेल्या पावसाळ्याआधीची, म्हणजे मी काम सोडलं त्याच वर्षीची गोष्ट. कांतिकाका लग्नाला बलसाडला गेले होते. दुकानात कांतिकाकांची सून गल्ल्यावर आणि मी. दुपारी ताराबाई आल्या. आमच्याच वाडीच्या पलीकडे राहतात. बोलायला तिखट, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिली पेज यांच्या घरून येते. त्यांच्या मुलाचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. सून मनीषा, तलासरी तालुक्यातल्या वेवजीची. ताराबाईंनी रुमाल सोडला. आत एक जोडी पैंजण. जाड, घुंगरांचे, चांगल्या हाताने केलेले, आणि तव्यासारखे काळे.

"बेबीताई, तीन महिने झाले फक्त. तीन महिने! माझ्या कमरेचा छल्ला बघ, माझ्या आईचा, चाळीस वर्षं वापरतेय. असा झाला का कधी?"

छल्ला खरंच पांढरा होता. किल्ल्या अडकवून अडकवून घासलेला.

"तपासून दे मला. व्याह्याने काय दिलंय ते कळू दे."

आता इथे माझी चूक. कानस समोरच्या खणात होती. पण ताराबाई मानगुटीवर बसल्या होत्या, बाहेर दोन गिऱ्हाइकं, आणि नव्या दागिन्यावर ओरखडा काढला तर या बाई तेवढ्यावरून रामायण करतील असं वाटलं. मी कापडाने पुसल्यासारखं केलं आणि थेंब टाकला. काळ्या थरावरच. थेंब काही लाल झाला नाही. मळकट तपकिरी पडला, कडेला घाणेरडा.

माझ्या तोंडून गेलं, "गिलट दिसतंय."

'दिसतंय' म्हणाले, 'आहे' म्हणाले नाही, अशी मी नंतर स्वतःची किती समजूत घातली. पण ऐकणारा 'दिसतंय' ऐकत नाही. ताराबाईंनी रुमाल बांधला. तपासणीचे पैसे ठेवले आणि पायरी उतरून गेल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ताराबाईंनी घरी जाऊन सुनेला सुनावलं, आणि फोन करून व्याह्यांनाही. मनीषाचे वडील रामजीभाऊ, वेवजीला थोडी भातशेती, बाकी मिळेल ते काम. ते पैंजण त्यांनी आपल्या आईचे वाळे आटवून संजाणच्या सोनाराकडून करून घेतले होते. आईचे! पायातून निघत नव्हते म्हणून म्हातारी गेल्यावरच काढलेले, ते वाळे. म्हणजे गिलट म्हटलं तर एकतर सोनार चोर, नाहीतर त्यांची आई जन्मभर खोटी चांदी घालून मिरवली. रामजीभाऊ फोनवर एवढंच म्हणाले म्हणे, "मी तपासलं नव्हतं." आणि त्यानंतर लेकीच्या घरी आले नाहीत. गणपतीला आले नाहीत. ताराबाईंनीही बोलावलं नाही.

आणि हे सगळं माझ्या एका न काढलेल्या ओरखड्यावर उभं होतं. मला पत्ताच नव्हता.

गणपती झाल्यावर एक दिवस मनीषा एकटी दुकानात आली. सडसडीत मुलगी, दहावी झालेली, डोळे एका जागी न ठरणारे. आली ती सरळ मागच्या खोलीच्या दाराशी.

"बेबीमावशी तुम्हीच ना?"

"मीच. ये, बस."

बसली नाही. पाय पुढे केला. "ही जोडवी बघा."

जोडवी पण काळी. पैंजणांसारखीच, तशीच चकाकीशिवायची.

"ही सासूबाईंनी घातलेली," ती म्हणाली. "लग्नात. त्यांच्या नेहमीच्या सोनाराकडची. ही पण गिलट का, मावशी?"

मी वाकून जोडव्यांवरून बोट फिरवलं. काय सांगू, इतक्या वर्षांत मला कुणी असं गाठलं नव्हतं.

"तू हे घरी नाही दाखवलंस?"

"घरात म्हटलं असतं तर सासूबाईंना खोटं पाडल्यासारखं झालं असतं. मला भांडण जिंकायचं नाहीये. मला माझा बाप घरी यायला हवाय."

मी उठले. खणातून कानस काढली. पैंजण तिने रुमालात बांधून आणले होतेच. आतल्या बाजूने, घुंगराच्या मागे, दिसणार नाही तिथे एक ओरखडा काढला. काळ्याखालून पांढरं उघडं पडलं. थेंब टाकला. क्षणात लाल. असा लाल की मनीषाने "अगं बाई" म्हणून हात मागे घेतला. मग तिने पायातलं एक जोडवं काढून दिलं, त्याला ओरखडा, थेंब, तोच लाल.

"मनीषा," मी म्हटलं, "चूक माझी आहे. पैंजण चांदीचे आहेत. चांगल्या चांदीचे आहेत."

तिने मान हलवली. रडली-बिडली नाही. म्हणाली, "मग काळे का पडतात?"

गंधक तर ठरलेलाच, पण कुठला? इतकं काळं, इतक्या लवकर? मी आपली चौकशी करायला लागले. अंडी? नाही. गंधकाचं मलम? (एका बाळाचा करगोटा त्याने काळा झालेला मी बघितलाय, आजीने सात वेळा दृष्ट काढली होती. खरुजेचं मलम बंद केल्यावर नजरही गेली.) मलम नाही. बोंबील? घरात वाळवत नाहीत. "मग दिवसभर करतेस काय?"

"फुग्यांच्या कंपनीत जाते ना."

झालं! मी कपाळाला हात लावला. आमच्या डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत हे शेंबड्या पोराला माहीत. रबराच्या चिकात गंधकाची पूड घालतात, साचे बुडवतात आणि भट्टीत भाजतात. गंधकाशिवाय रबर शिजतच नाही, फुगा चिकट राहतो. सरांनी तर मला सांगितलं होतं की ते लवकर शिजावं म्हणून घालतात त्या पुडीतही गंधकाने जस्ताला धरून ठेवलेलं असतं. मनीषा भट्टीच्या तोंडाशी उभी राहून साच्यांवरून गरम फुगे उतरवायची, दिवसाचे आठ तास. चांदीला याहून चांगलं स्थळ कुठे मिळायचं? तिथल्या बाकीच्या बायका कामावर चांदी घालतच नाहीत, त्यांना अनुभवाने ठाऊक. नव्या नवरीला कोण सांगणार, आणि नवरी लग्नाचे पैंजण काढणार कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी कांतिकाका दुकान उघडायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. ते चढवतील याची मी वाट बघत होते, तेवढं तरी हलकं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कानस?"

"नाही लावली."

"बेन," ते म्हणाले, "चांदीवरचं इथे निघेल. तू बोललेलं काढायला तिच्या घरी जावं पडशे."

गेले. ताराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी जोडवी आणि पैंजण दोन्हींचं सांगितलं, फुग्यांच्या कंपनीचं सांगितलं, माझी चूक सांगितली.

ताराबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. "तेव्हा गिलट म्हणालीस. आता चांदी म्हणतेस. उद्या सोनं म्हणशील."

"ताराबाई, जोडवी तर तुम्ही दिलीत."

"पायातली वस्तू. शेण लागतं, माती लागते. काळी पडणारच."

"पैंजणही पायातलेच की."

त्यांचा एक हात कमरेच्या छल्ल्यावर गेला. मग म्हणाल्या, "गंधक माझ्या छल्ल्याला का नाही धरत? हवा तर सगळ्यांना एकच."

मनीषा दारात उभी होती. तिने हळूच म्हटलं, "आई, छल्ला आठ दिवस मला द्याल? कामावर नेते. नाही काळा झाला तर मी परत या पैंजणांचं नाव काढणार नाही."

मला वाटलं, आता भडका उडतो. आईचा छल्ला, चाळीस वर्षं कमरेला! पण ताराबाईंच्या स्वभावातली एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. त्या हट्टी आहेत, पण हट्टाला पुरावा मागतात. त्यांनी एकेक किल्ली सोडवली, दोऱ्यात ओवली, आणि छल्ला सुनेच्या हातावर ठेवला. "हरवलास तर बघ."

आठ दिवस लागले नाहीत. पाचव्या दिवशी मनीषा संध्याकाळी छल्ला घेऊन आली तेव्हा तिच्या सांगण्यावरून मी ताराबाईंकडेच होते. आधी पिवळा पडला होता म्हणे, मग जांभळट, निळसर, आणि आता काळा. चाळीस वर्षं घासून पांढरा राहिलेला. तो घासला जात होता म्हणूनच पांढरा राहिला होता, हे मी ताराबाईंना मागाहून सांगितलं. त्या वेळी काही बोलायची सोय नव्हती. त्यांनी छल्ला उजेडाकडे धरला, अंगठ्याने पुसला, पदराने पुसला, थुंकी लावून पुसला.

"माझ्या आईचा आहे हा," त्या म्हणाल्या. पण भांडायच्या सुरात नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर सर मला माफ करणार नाहीत. काळं पडणं हा चांदीचा पुरावा नव्हे. तांबंही काळं पडतं, गिलटातही तांबं असतं. काळेपणावरून खरंही ठरवू नका, खोटंही ठरवू नका. खरं ठरतं ते आतल्या धातूवर. म्हणून मी पिशवीत कानस आणि तेजाबाची बाटली घेऊनच गेले होते. ताराबाईंसमोर पैंजणाला, जोडव्याला आणि छल्ल्याला, तिन्हींना ओरखडा काढला आणि तीन थेंब टाकले. तिन्ही लाल. पैंजणाचा थेंब जरा जास्तच लाल, जुन्या वाळ्यांची चांदी ती. ताराबाईंना ते दिसलं.

मी डिप आणला होता. म्हटलं, "द्या, तिन्ही आत्ता पांढरे करून देते."

"छल्ला कर," ताराबाई म्हणाल्या. "पैंजण राहू दे तसेच. उद्या लागतील."

"कशाला?"

"वेवजीला जायचंय. तू पण येतेस. पहिलं तूच बोलली होतीस."

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही तिघी तलासरीपर्यंत एसटीने, पुढे शेअर रिक्षाने. रिक्षात ताराबाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "इतकी वर्षं हेच काम करतेस, आणि कानस लावता येत नाही?" शेजारी बसलेला अनोळखी म्हातारा पण माझ्याकडे त्याच नजरेने बघायला लागला. मी ऐकून घेतलं. मनीषा बाहेर बघून हसत होती, ते मला दिसत होतं.

रामजीभाऊ अंगणात होते, बनियनवर, कोयत्याने बांबू तासत. आम्हाला बघून उठले, बायकोला हाक मारली, चटई टाकली, पाणी दिलं. रीत सगळी झाली, पण नजर वर नाही. मी म्हटलं, आता लांबवण्यात अर्थ नाही.

"रामजीभाऊ, तुमच्या पैंजणांना गिलट म्हणणारी मी. कानस न लावता थेंब टाकला. चांदी खरी आहे. तुमच्या आईची चांदी खरी आहे, आणि संजाणच्या सोनारानेही त्यात काही घातलेलं नाही. चूक माझी."

त्यांनी विचारलं, "मग काळी का पडली?"

बघा, बाप-लेक दोघांचा प्रश्न एकच! मी सांगितलं. फुगे, भट्टी, गंधक, चांदीचा मऊ स्वभाव, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मधेच म्हणाले, "म्हणजे भेसळ आहे म्हणून नाही?"

"नाही. चांदी आहे म्हणून."

त्यांनी पैंजण हातात घेतले. काळेच होते. अंगठ्याने घुंगरू फिरवत राहिले. "आई भात लावायला जायची ना, तेव्हा वाळ्यांना चिखल लागायचा. ती बांधावर बसून धुवायची. दुसरं काय धुवायची नाही आधी, वाळे आधी." मग बनियनच्या टोकाने एक घुंगरू पुसायला लागले. मी उजळायचं विचारणार होते, पण मनीषाने माझा हात दाबला.

मग ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हे मी कामावर घालत नाही आता. घरी आल्यावर घालीन."

"घाल," ते म्हणाले. एवढंच.

चहा आला. गुळाचा, आल्याचा. ताराबाई तोवर गप्प होत्या, आणि ज्यांनी ताराबाईंना ओळखलंय त्यांना कळेल की हे किती अवघड होतं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि बशीकडेच बघत म्हणाल्या, "व्याही, गणपतीला आम्ही मोदक काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शेजारी वाटले."

रामजीभाऊ म्हणाले, "बोलावणं नव्हतं."

"नव्हतं," ताराबाई म्हणाल्या. "माझंच चुकलं. आता बोलावणं करायला आलेय."

"कधी यायचं?"

"कधी म्हणजे? आलो तोच रिक्षावाला मी रस्त्यावर थांबवून ठेवलाय. दाटीवाटीने पाच माणसं बसतात त्यात."

रामजीभाऊंनी बायकोकडे बघितलं. ती आधीच पिशवीत तांदूळ भरत होती. त्यांनी कोयता भिंतीला उभा केला, हात धुतले, आणि आत जाऊन धुतलेला सदरा शोधायला लागले. मनीषा उंबऱ्यात बसली आणि एकेक करून दोन्ही पैंजण पायात घातले, काळे, तसेच.